ताज्या पाण्याची भीती

मी विरजण बोलतोय. दह्याचं नव्हे, माशांच्या चाऱ्याचं. शिकलेले लोक मला प्रोबायोटिक म्हणतात, पण चिकलठाण्याच्या या घरात एवढं मोठं नाव कुणी घेत नाही. ओट्याच्या कोपऱ्यात, लोणच्याच्या जुन्या बरणीत, गुळाच्या पाण्यात मी राहतो. कोट्यवधी बारीक जीव मिळून एक मी. म्हणूनच माझी भीतीही तेवढीच मोठी असावी.

मला इथं आणलं रूपानं. घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, धम्मपालच्या, माशांच्या चार टाक्या आहेत. पूर्वी चाऱ्यात समुद्री माशांचं तेल असायचं. ते परवडेना, तेव्हा रूपानं घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. ते पचवायला माशांना मदत लागते, ती मी करतो. रोज सकाळी रूपा मला पळीभर काढते, तेलात कालवते आणि चाऱ्याला चोळते. मग बरणीत तेवढंच पाणी आणि गुळाचा खडा टाकते.

इथवर सगळं बरं आहे. मला धास्ती आहे ती पाण्याची.

या शहरात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. ते आलं की घरोघरी शिळं पाणी ओतून देतात आणि ड्रम-हंडे घासूनपुसून ताजं भरतात. त्या ताज्या पाण्याला औषधाचा उग्र वास असतो. जंतू मरावेत म्हणून ते औषध टाकतात. आता जंतू म्हणजे कोण? मीच की. पाणी एक दिवस उघडं राहिलं की वास उडतो, मग ते मला चालतं.

माझ्या आधी या बरणीत दुसरं विरजण होतं. रूपाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तिनं हौसेनं ताजं पाणी घातलं आणि ते मेलं. मेलेलं विरजण दिसतं मात्र जिवंतासारखंच. ती बिचारी तेच चाऱ्याला चोळत राहिली. मासे चारा न खाता तसाच सोडू लागले, मग एकेक करून मरून तरंगू लागले. धम्मपाल म्हणाला, "रूपा, आणखी एकदा असं झालं तर मी टाक्या मोडून टाकीन." तेव्हापासून ती माझ्यासाठी वास उडालेल्या शिळ्या पाण्याची बादली वेगळी झाकून ठेवते.

परवा दोघं सोयगावला गेले, रूपाच्या भावाच्या लग्नाला. घरी आहेत भामाबाई, धम्मपालची आई. बाई फार मायाळू. चारा त्याच टाकतात, मला गूळ घालताना माझ्याशी बोलतातही. पण मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती त्यांच्या मायेची.

काल दुपारी रूपाचा फोन आला होता. "आई, त्याला बादलीतलंच पाणी घाला बरं का."

"व्हय, व्हय. तू लग्नात ध्यान दे," भामाबाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पदरानं माझी बरणी पुसली.

"शिळं कशापायी रं? तुला बी जीव हाय," त्या मला म्हणाल्या. "आमच्या गावात हिरीवर आधी समद्यांचं भरून व्हायचं, मग खालचं गढूळ आमच्या वाट्याला. लई वर्सं तेच प्यालो. तुला नाय पाजायची मी तसलं."

आज पाण्याचा दिवस. सकाळीच त्यांनी माझी बादली उचलली आणि कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामी केली. मला ओरडता येत नाही. मी नुसते बुडबुडे सोडत राहिलो.

गल्लीत हंड्यांचे आवाज सुरू झालेत. तुमच्यापैकी कुणी इकडून जात असाल, तर भामाबाईंना एवढंच सांगा. पाणी भरा, पण आजचा एक दिवस ते उघडं राहू द्या. एक दिवस मी उपाशी राहीन, त्यानं काही बिघडत नाही. मागं टाक्यांतले मासे चाऱ्यासाठी काठाशी गोळा झालेत. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही.

नळ खाकरला. तांब्या भरल्याचा आवाज आला आणि माझं झाकण निघालं. वर भामाबाईंचा सुरकुतलेला, हसरा चेहरा दिसतोय. तो उग्र वास आता अगदी जवळ आलाय.

"घे लेकरा," त्या म्हणाल्या, "आपल्या घरात आता कुणी उरलेलं पीत नाय."