हौशीरामच्या होड्या आणि पाणकावळे

चैत्रातल्या सप्ताहात बुवांनी भूतदयेवर असं काही कीर्तन केलं की मंडपातल्या पंख्यांनाही गहिवरून आलं. दोन तर बंदच पडले. शेवटी बुवा म्हणाले, नुसतं ऐकून जाऊ नका, काहीतरी सोडून जा. मग एकेक जण पुढे येऊन, पाया पडून, सोडू लागला. साखरेचा आजार होता त्यांनी पेढे सोडले. दात पडले होते त्यांनी सुपारी सोडली. सरपंचांनी भांडण सोडलं आणि दुसऱ्या दिवशी काल्याच्या पंगतीत ते पुन्हा उचललं. या सगळ्या त्यागात खरा अडकला तो एकटा हौशीराम. त्याने माइक मागून घेतला आणि सांगितलं, "माज्या हातनं पाखरू हाकललं जानार न्हाई. कुटंच न्हाई."

मंडपाने टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांपैकी एकाचीही होडी करंजाच्या झाडाखाली बांधलेली नव्हती.

हौशीरामच्या तीन होत्या. पांढऱ्या, फायबरच्या. पवनानगरच्या पुढे त्याच्या बापाची जमीन धरणात गेली, आणि आता तिच्याच डोक्यावरून तो पुण्याच्या पाहुण्यांना फिरवून आणायचा. काठावर होड्या लागतील असा उतार एकच उरला होता. बाकी सगळीकडे निसर्गाचा आनंद मोकळेपणाने घेता यावा म्हणून तंबूवाल्यांनी तारेची कुंपणं घातली होती. त्या उतारावर तो करंज, आणि करंजावर संध्याकाळी वस्तीला येणारे पाणकावळे.

पूर्वी हौशीराम डबा बडवायचा आणि ते पलीकडच्या काठाला जायचे. व्रत घेतल्यापासून डबा घरात आणि पाणकावळे झाडावर. बातमी त्यांच्यात लवकर पसरली असावी, कारण महिन्याभरात बगळेही आले. दिवसभर धरणातले मासे खायचे आणि रात्रभर त्याचा हिशेब होड्यांवर चुकता करायचा. वर मे महिन्याचं ऊन. ते सगळं वाळून असं घट्ट बसलं की होडीला चुन्याचं प्लॅस्टर केल्यासारखं दिसू लागलं. ताडपत्री घालून पाहिली. वाऱ्याने ती पहिल्याच संध्याकाळी पाण्यात नेऊन घातली.

तंबूंचा मॅनेजर गौरव लोणावळ्याचा, बोलायला अतिशय गोड. उताराची जागा त्याच्याच मालकाची.

"काका, शनिवारी प्री-वेडिंग शूट आहे. मुलीचा गाऊन पांढरा आहे. तिला मी यात बसवू?"

"पाखरांचंच हाय, गौरवशेठ. निसर्ग म्हनूनच येत्यात ना मानसं?"

"निसर्ग लांबून दिसायला हवा, काका. अंगाला लागायला नको. शनिवारी होड्या स्वच्छ दिसल्या नाहीत तर मी पलीकडच्या काठावरच्या बोलावतो. मग त्याच राहतील. मला वाईट वाटेल."

त्याला वाईट वाटणार होतं ही हौशीरामला मोठीच सोय झाली. उतार गेला की होड्या अंगणात उपड्या घालून त्याखाली कोंबड्या पाळायच्या, एवढंच हातात राहणार होतं.

त्याने आधी खुरपं घेतलं. कोरडं खरवडलं तसा लेप निघाला, आणि त्याच्याबरोबर होडीची चकाकीही निघाली. तिथे मांजराने नखं मारावीत तसे ओरखडे उठले. मग संडास धुवायचं ॲसिड ओतलं. फेस भरपूर आला, वासाने स्वतः हौशीराम दहा पावलं मागे सरकला, आणि फेस ओसरल्यावर पांढऱ्या होडीवर हळदीच्या अंगासारखा पिवळा डाग हसत होता.

बायको, झुंबरबाई, डोक्यावर हात ठेवून काठावर उभी होती.

"अवं, करपल्यालं पातेलं मी कसं घासती, कदी बगितलंय का?"

"न्हाई."

"बगनार कसं? जेवून उठायचं आन टाळ घ्यायचा."

तिने गोणपाटं कोमट पाण्यात भिजवून होड्यांवर पसरली आणि उन्हाने सुकू नयेत म्हणून वरून पाणी मारत राहिली. दुपारी गोणपाट उचललं तर खालचं सगळं भिजल्या पिठासारखं मऊ. जुन्या लुगड्याच्या बोळ्याने, जोर न लावता, ते पुसून निघालं. राहिलेल्या डागांवर तिने देवाची भांडी घासतात तसा चिंचेचा कोळ लावला आणि लगेच धुऊन काढला. शुक्रवारी उन्हं कलती झाली तेव्हा तिन्ही होड्या बगळ्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. ओरखडे आणि पिवळा डाग तेवढे राहिले. ते हौशीरामचं योगदान.

आणि तेवढ्यात खरे बगळे येऊ लागले.

पाठोपाठ पाणकावळे. पोटं भरलेली. हौशीराम वर बघत होडीत बसून राहिला. एक हात वर केला असता तर काम झालं असतं.

"डबा आनू का?" झुंबरबाईने विचारलं.

"बुवांच्या पायावर हात ठिवलाय म्या."

"मग पलीकडच्याच्या होड्या पुसायला जाऊ आपन. आता हात बसलाय."

अशा वेळी भाविक माणूस जे करतो ते हौशीरामने केलं. डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि अभंग सुरू केला, अगदी बेंबीच्या देठापासून. त्याचा भाव शुद्ध होता, त्याबद्दल गावात कधीच दुमत नव्हतं. मतभेद होता तो आवाजाबद्दल. म्हणजे तोही नव्हता, सगळ्यांचं एकच मत होतं.

करंजावर एकदम फडफड झाली. हौशीरामने डोळे उघडले तर झाड जवळजवळ रिकामं. घार आली असेल म्हणून तो थांबला. पाणकावळे-बगळे घिरट्या घालून परत बसले. त्याने पुन्हा सूर लावला, ते पुन्हा उठले, आणि या वेळी सरळ पलीकडच्या काठाची वाट धरली. झुंबरबाईने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते ते भक्तीने नव्हे.

म्हैस पाण्यावर घेऊन आलेला केरबा हे सगळं बघत उभा होता. केरबा म्हणजे भजनी मंडळाचा प्रमुख.

"केरबाआबा, माजं व्रत मोडलं का वो?" हौशीराम रडकुंडीला आला होता.

केरबाने म्हशीच्या पाठीवर हात ठेवून विचार केला. "हात उगारला?"

"न्हाई."

"दगूड मारला?"

"न्हाई. देवाचं नाव घ्येतलं."

"मग मोडलं न्हाई. नाव ऐकून कुनी उठून गेलं तर त्यात म्हननाऱ्याचा दोष न्हाई. तसा दोष लागत असता तर किती कीर्तनकार आडकलं असतं."

हौशीरामचा चेहरा उजळला. "मग यंदा मला मंडळात उबं करशीला म्हना."

"न्हाई."

"का वो?"

"पाखरांना पंख हायेत, हौशा. आमी कुटं जावं?"

हौशीराम अंधार पडेस्तोवर म्हणत राहिला. शनिवारी पहाटे तो काठावर आला. दोन होड्या लख्ख. तिसरीच्या टोकावर मात्र एक म्हातारा पाणकावळा, दोन्ही पंख पसरून, मान जरा कलती करून बसलेला. कालचं सगळं ऐकूनही तो उठला नव्हता. बसल्या जागी काय करायचं ते त्याने केलेलंही होतं.

गौरव आला, दोन होड्यांभोवती फिरला आणि प्रसन्न झाला. "सुंदर, काका. आणि ही तिसरी? याला उडवा ना. पाणी मारू की लगेच."

"ती होडी आज भाड्यानं न्हाई."

"का?"

"श्रोता बसलाय."

गौरवला वाटलं काका गंमत करतायत. तो हसला आणि पाखराकडे निघाला. हौशीराम मध्ये उभा राहिला, वल्हं आडवं धरून.

"दोन तुमच्या, गौरवशेठ. दिवसभर फिरवा. माजं सगळं गानं बसून ऐकलेला आजवरचा ह्यो पयला हाय. त्याला उटवायचं पाप मी न्हाई करनार, आन तुमाला बी करू देनार न्हाई."

गौरवने दोन पांढऱ्या होड्यांकडे पाहिलं, वल्ह्याकडे पाहिलं, रस्त्यावर गाड्या लागल्याचा आवाज ऐकला आणि दोनच पुरतील असं ठरवलं.

हौशीरामने पहिल्या होडीची दोरी सोडली. मुलगी गाऊन सावरत उताराने खाली येत होती. पाणकावळ्याने पंख मिटले, जागा थोडी बदलली आणि नव्या जागी पुन्हा आपली हजेरी लावली.

"निवांत, माऊली," हौशीराम त्याला म्हणाला. "सांजच्याला भिजवू गोनपाट."