भाच्याने मागितलेला एक्सल

नारीनकोल या डोंगराळ गावाच्या बाजूला जीप चालवणारी माणसं मागचा एक्सल निवडताना सोयरीक जुळवावी तेवढा घोळ घालतात. कुल्याशताईंनी मात्र काही घोळ घातला नाही. बर्फातून हिवाळी वस्त्यांवर जाऊन मेंढपाळांच्या बायकांची बाळंतपणं करणारी ही नर्स. थंडी पडायच्या आधी त्या बोलिसबेकच्या गॅरेजमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "बोलिस, गाडी अडकली की एक चाक गरागरा फिरतं आणि दुसरं नुसती गंमत बघतं. मला त्यातलं कळत नाही. कोणता एक्सल घालायचा ते तूच ठरव."

बोलिसबेकने ठरवलंही. त्याच्याकडे लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाडीचा एक एक्सल होता. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या त्याच्या डिफरेन्शियलला लॉक होता, आणि तो ड्रायव्हरच्या हातात होता. चिखल आला की लिव्हर ओढायची, दोन्ही चाकं एकदम जोर लावतात. तिरका, निसरडा रस्ता आला की लिव्हर सोडायची, चाकं पुन्हा मोकळी. त्याने गिअरचे दात मोजून पुढच्या एक्सलशी जुळवले, नवीन ऑइल सील घातले आणि तो ऐवज पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.

पुढच्याच रविवारी भाचा आला.

भाच्याने तीनदा मागावं आणि मामाने तीनदा नाही म्हणू नये, ही रीत तिथे पोराटोरांनाही पाठ असते. मादियारने लहानपणी शिंगरू मागितलं होतं, लग्नात खोगीर. तिसरं मागणं बाकी होतं. जेवणं झाली, शेजारीपाजारी चहा घेत बसले होते, तेवढ्यात मादियार त्या पोत्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, हा दे. शिकाऱ्यांना डोंगरात न्यायला माझ्या गाडीला हाच हवा."

"आता बघू मामाचं काळीज केवढं आहे ते!" कुणीतरी ओरडलं.

सगळे बघत होते. बोलिसबेकच्या तोंडून निघून गेलं, "घेऊन जा की! तुझ्यापुढे एक्सल काय चीज आहे?" वाहवा झाली. छाती फुगली. ती फुगलेली छाती संध्याकाळपर्यंत टिकली, मग त्याला कुल्याशताई आठवल्या.

उरला होता साधा एक्सल. त्याने त्याचं डिफरेन्शियल उघडलं आणि आतल्या गिअरवर सरळ वेल्डिंग मारून टाकलं. आता दोन्ही चाकं जन्माची एकमेकांना बांधलेली. चिखलात अशी गाडी बैलासारखी ओढते. पण उताराकडे कललेल्या बर्फावर दोन्ही चाकं एकदमच सुटतात आणि गाडीची मागची बाजू दरीकडे सरकते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ताईंना मात्र तो म्हणाला, "लिव्हरची कटकटच ठेवली नाही, ताई. कायमचाच लॉक."

ताई खूश झाल्या. घरचं कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारे गोळे, पिशवीभर देऊन गेल्या.

ऐन हिवाळ्यात, एका बाळंतपणाला निघाल्या असताना, सावलीतल्या तिरक्या वळणावर त्यांची जीप मागून सरकली आणि ओढ्यात गेली. एक खडक आड आला म्हणून त्या वाचल्या. खांद्याचं हाड मोडलं. वस्तीवर त्या बाईच्या सासूनेच बाळंतपण उरकलं. बाळ-बाळंतीण वाचली, यात कुल्याशताईंचा हात नव्हता, आणि तेच त्यांना लागलं होतं.

बोलिसबेक भेटायला गेला. ताई गळ्यात हात अडकवून बसल्या होत्या, भोवती बायका.

"हात गेले गं माझे," ताई सांगत होत्या. "इतकी वर्षं त्याच वळणावरून गाडी नेली. आता वय झालं. किल्ली दवाखान्याला परत देते."

"मग वस्त्यांवर कोण जाणार?" एकीने विचारलं.

"कोण जाणार? कुणीच नाही. पण मी गाडीत बाई घालून ओढ्यात गेले तर?" मग त्या बोलिसबेककडे वळल्या. "तू तरी काय करणार रे. तू चांगलाच एक्सल दिला होतास. चहा घे."

त्याने चहा घेतला. तळलेलं बाउरसाकही खाल्लं. आणि खरं न सांगताच तो उठला. बाहेर पडल्यावर स्वतःचीच त्याला अशी किळस आली की घरी न जाता तो तडक भाच्याकडे गेला.

"मादियार, तो एक्सल परत दे. ताईंचा होता तो."

"कुल्याशताईंचा? मामा, मी त्यांच्या हातावर जन्मलोय! तेव्हा बोलला का नाहीस? मी दुसरं काही मागितलं असतं. तुझा जुना कोट मागितला असता!"

"चारचौघांत नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणायचं नव्हतंच. ताईंचा आहे एवढंच म्हणायचं होतं."

तेवढं बोलणं बोलिसबेकला पुरलं. इतके दिवस तो रीतीच्या नावाने खडे फोडत होता, आता तीही सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्या असताना त्याने सगळं सांगितलं. पोतं, वाहवा, वेल्डिंग. मग ताई म्हणाल्या, "हात गेले म्हणून मी गावभर सांगत होते. तू समोर बसून ऐकलंस. चहा प्यालास."

"हो, ताई."

"माझ्याच हातांची मला भीती वाटायला लागली होती, बोलिस."

मादियारने एक्सल परत दिलाय, हेही त्याने सांगितलं. "बसव जा," एवढंच ताई म्हणाल्या.

त्याने ओढ्यातून काढलेल्या जीपला लष्करी एक्सल बसवला आणि ताईंचा खांदा जुळून आल्यावर जीप त्यांच्या अंगणात नेऊन किल्ली पुढे केली. ताईंनी किल्ली घेतली नाही. अंगणात येऊन मेंढीचं कातडं बर्फावर अंथरलं आणि त्या सरळ जीपखाली शिरल्या.

"टॉर्च धर. हा बोल्ट कशाचा?"

"हाउसिंगचा, ताई. घट्ट आहे."

"पाना दे."

त्याने पाना दिला. ताईंनी चांगल्या हाताने जोर लावून बघितला. बोल्ट हलला नाही.

"आणि हा?"

"तोही घट्ट आहे."

"पाना दे," ताई म्हणाल्या.