बाणझाडाची भाजी

मिरानने फांदी वाकवली आणि मूठभर पानं परडीत टाकली. पानांबरोबर काड्याही आल्या, तिच्या लक्षात आलं नाही. थंडी सरता सरता नवरा, कीजुन, गेला तेव्हापासून तिचं असंच चाललं होतं. भात शिजायचा, भांडी घासली जायची आणि ते आपणच केलं हे मागाहून कळायचं.

"अगं, सरपण गोळा करायला आलोय का आपण?" ओकबुन, तिची सासू, ओढ्यापलीकडून ओरडली. "काड्या काढ त्या!"

मिरानने काड्या काढल्या.

ओकच्या झाडांखाली, दगडगोट्यांतून हे झुडूप माजलं होतं. काटक्यांना लांबीभर बुचासारखे पातळ पंख, बाणाच्या पिसांसारखे, म्हणून गावात त्याला बाणझाड म्हणत. कीजुनच्या पोटातल्या गाठीवर दोघींनी हिवाळाभर त्याच पंखांचा काढा उकळला होता. गुण आला नाही. आता त्याच काटक्यांवर समोरासमोर कोवळी पानं फुटली होती. चार दिवसांत जून होऊन भाजीच्या कामातून जाणार.

'कष्टाळू सून बाणझाड तीनदा खुडते.' लग्न होऊन आल्यापासून दर वसंतात ओकबुन ही म्हण मिरानच्या कानीकपाळी ओरडत आली होती. खुडताना टोकाचा कोंब राखायचा, म्हणजे पुन्हा फुटतं. यंदा मात्र म्हातारी म्हणीचं नावही काढत नव्हती.

आज सांगायलाच हवं होतं. रविवारी भाऊ मिरानला शहरात न्यायला येणार होता, कायमचं. मागे म्हातारी एकटी उरणार होती. आठवडाभर ती ते उद्यावर ढकलत होती.

"आई, पुढच्या खुडणीला मी..."

"पुढची खुडणी कसली?" ओकबुन ओढा ओलांडून आली. तिने फांदी ओढली आणि पानांबरोबर टोकाचा कोंबही खुडला. मग शेजारच्या फांदीचा. "तुझ्या भावाचा फोन आला होता मला. भला माणूस आहे. ही सगळी उकडून वाळवून देते, घेऊन जा."

मिरान बघत राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, निदान लाज तरी. काहीच वाटेना. झुडूप उघडं पडत चाललं. शेवटच्या फांदीवर तिने मूठ आवळली.

"एवढी राहू द्या, आई."

"कुणासाठी?"

मिरानची मूठ सुटेना.

ओकबुनने परडी खाली ठेवली, मिरानची बोटं एकेक करून सोडवली आणि कोंब खुडला.