ड्रमच्या मागचा आवाज

"काका, हा दुसरा आवाज कोणाचा?" दातांच्या डॉक्टरनं विचारलं.

या डॉक्टरला जुन्या गाण्यांचं भारी वेड. 'उशिरा आलास' हे कुणाच्या गावीही नसलेलं अमेरिकी सोल ढंगाचं गाणं, म्हणजे काळीज पिळवटून म्हणायचं, त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याची तीन रेकॉर्डिंग्ज त्यानं धुंडाळून काढली: पहिली तबकडी, नंतरची जलद चालीतली आणि एका हॉलमधल्या कार्यक्रमाची. तिन्हींत गायिका एकच, तेव्हाची नावाजलेली बाई. पहिल्या तबकडीवर बारीक अक्षरांत रेकॉर्डिस्टचा मदतनीस म्हणून माझं नाव. तेवढ्यावरून स्वारी आज स्पीकर घेऊन माझ्या घरी.

"बाकीच्या दोन्हींत नाही हा. फक्त पहिल्यात, ड्रमच्या मागे."

"जुनी तबकडी आहे, खरखर असेल," मी म्हणालो. थापा मारायला मला विचार करावा लागत नाही.

आतल्या खोलीत ताईचं शिलाई मशीन चालू होतं. दाजी गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. मशीन थांबू नये, एवढंच मी मनात घोकत होतो.

कारण ते गाणं आधी ताईनं गायलं होतं. मीच तिला स्टुडिओत नेलं. ड्रमवाल्याशेजारी उभी राहून असं गायली की माझे रेकॉर्डिस्ट साहेबसुद्धा हातातलं काम सोडून ऐकू लागले. दुसऱ्या दिवशी नावाजलेल्या बाई आल्या. टेपवर प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते; त्यांचा आवाज रिकाम्या पट्टीवर घ्यायचा, मग दोन्ही ऐकून साहेब ठरवणार, असं होतं. मी गाढवानं ताईच्याच पट्टीचं बटण दाबलं. बाईंचं गाणं संपलं तेव्हा ताईचं पुसलं गेलं होतं. साहेबांना म्हणालो, टेप खराब निघाली. आणि घरी येऊन ताईला म्हणालो, "तू बेसूर झालीस गं. नाही घेतलं." नोकरी जाईल म्हणून साहेबांना फसवलं, ते एक वेळ समजता येतं. पण ताईला? तिला नुसतं "माझा हात चुकला" म्हटलं असतं तर ती काय मला खाणार होती?

ड्रमच्या माइकनं तिचा आवाज थोडासा पकडला होता आणि तो ड्रमच्या पट्टीवर तसाच राहिला होता, हे मला कधी कळलंच नाही.

डॉक्टरनं आवाज मोठा केला. मशीन थांबलं.

ताई दारात आली. गळ्यात मापाची टेप, हातात कात्री, ओठांत टाचणी. तिनं टाचणी काढून पदराला टोचली.

"ही मी आहे," ती म्हणाली. मग जरा वेळ ऐकून, "सुरात आहे की रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू सुरातच होतीस, ताई. माझ्या हातून पुसलं गेलं. मी खोटं बोललो."

ओरडली असती, हातातली कात्री फेकून मारली असती, तर बरं वाटलं असतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"माझ्या दोन्ही पोरींना मी कधी अंगाई म्हटली नाही," ती म्हणाली. "बेसूर कानावर नको पडायला, म्हणून. ह्यांना सांगायचे, तुम्ही झोपवा."

डॉक्टर बिचारा आपल्या पायांकडे बघत होता. मला तेवढंही जमेना.

"डॉक्टर, पुन्हा लावा," ताई म्हणाली. "त्या बाईंचा आवाज कमी होतो का?"

"नाही हो, मावशी. सगळं एकातच आहे."

"बरं. मग कान लावून ऐकते."

तिनं खुर्ची स्पीकरपाशी ओढली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. डोक्यावर पंखा करकरत होता. मी उठून तो बंद केला.