सोमवारचा फळा

आरोग्य केंद्राच्या दारात एक काळा फळा होता. दर सोमवारी कारकून भाऊसाहेब रुग्णांच्या नोंदवहीत बघून त्यावर खडूने लिहीत: गेल्या आठवड्यात कावीळ किती, जुलाब किती. शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या मावशी तो आकडा वाचूनच ठरवायच्या, पाणी उकळायचं की नाही. दोनशे पोरांचं पाणी उकळायचं तर दोन तास आधी येऊन शेगडीपुढे उभं राहावं लागे.

मग वरून हुकूम आला. आकडे वाचून लोक घाबरतात, सबब फळा पुसावा. भाऊसाहेबांनी तो इमानेइतबारे पुसला, आणि रिकामी जागा वाईट दिसते म्हणून 'आपले स्वागत आहे' असं वळणदार अक्षरात लिहिलं. लोक घाबरायचे थांबले. कावीळ थांबली नाही. तिला हुकूम वाचता येत नव्हता.

चौथ्या सोमवारी मावशी खिडकीशी आल्या.

"भाऊसाहेब, आकडा?"

"तो आता फळ्यावर लिहायचा नाही, मावशी. संगणकावर बघा."

"लेकीने बघितलं. पान सापडत नाही म्हणे."

"मग सापडेल तेव्हा बघा."

"पाच पोरं पिवळी पडलीत. एक तर डोळे उघडत नाही. आधी कळलं असतं तर त्याच दिवशी पाणी उकळलं असतं मी."

"मी हुकमाचा ताबेदार. वर विचारा."

"एवढंच सांगा. तुमच्या घरी पाणी उकळता?"

भाऊसाहेब पेन शोधू लागले. पेन कानावर होतं.

"कधीपासून?"

"झाले... तीन आठवडे."

"म्हणजे वही तुम्ही वाचलीत, घरी जाऊन बायकोला सांगितलंत, आणि इथे येऊन आमचं स्वागत केलंत."

मावशींचा आवाज चढला नव्हता. तरी मागची सगळी रांग खिडकीजवळ सरकली.

भाऊसाहेब उठले. ओल्या फडक्याने त्यांनी स्वागत पुसलं आणि वही उघडून लिहिलं: कावीळ, एकेचाळीस. खडू दोनदा मोडला.

केंद्राचे साहेब आतून धावत बाहेर आले. "पुसा ते! नोकरी नकोशी झालीय का?"

"पुसा तुम्हीच, साहेब. रांगेने उतरवून घेतलंय."

मावशी तोवर शाळेकडे निघाल्या होत्या. शेगडी पेटवायची होती.

वाचकहो, आजाराचा आकडा आजाऱ्यांच्या अंगावर मोजलेला असतो. तो त्यांचाच, आणि उद्या आजारी पडणाऱ्यांचा. 'लोक घाबरतील' म्हणून तो आकडा जो लपवतो, त्याच्या स्वयंपाकघरात आधी डोकावा. पाण्याचं पातेलं शेगडीवर असेल.