गच्चीवरून पहिला कॉल

हौशी लोकांचा बिनतारी हॅम रेडिओ शिकवताना दादाचा एकच हेका असायचा: उपग्रहामार्फत बोलताना आपला आवाज हेडफोनमध्ये परत यायला हवा, नाहीतर आपण भिंतीशी बोलतोय असं समजायचं. माझा परवाना आला तेव्हा दादा जाऊन महिना झाला होता.

तरी राहवेना. सुताराची पत्र्याची मोजपट्टी कापून दादाने केलेला अँटेना आणि रेडिओ घेऊन गच्चीत गेले. उपग्रह सरकेल तसा हात फिरवत माझा नवा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगितला. लगेच माझाच चिरका आवाज कानात आला. पाठोपाठ दूरच्या शहरातला दादाचा जुना रेडिओमित्र बोलला, "अभिनंदन, ताई. दादांना द्या ना जरा. शिष्या तयार झाली की त्यांची."

याला कुणी कळवलंच नव्हतं. कळवणार कोण, मीच ना. मी अँटेना उगाच सरळ करत राहिले. तोवर उपग्रह समोरच्या इमारतीमागे उतरत चालला होता. शेवटी बटण दाबून म्हणाले, "दादा गेला हो."

कानात नुसती खरखर. माझा आवाज परत आला नाही.

महिन्याभरात पहिल्यांदाच ते तोंडातून काढलं होतं, तेही भिंतीशी.