छायाच्या पाटातला स्क्रू

मी दीड इंची, चपट्या डोक्याचा स्क्रू बोलतोय. आवाज लाकडाच्या आतून येतोय, म्हणून जरा दबका वाटेल. सांभाळून घ्या.

आमच्यात गोल डोक्याचे भाऊबंद आहेत. ते कडी-कोयंड्यावर टोपी घातल्यासारखे मिरवतात. माझं डोकं वरून सपाट, खालून निमुळतं. माझ्यासाठी आधी बारीक भोक पाडायचं, मग त्याचं तोंड वाटीसारखं रुंद करायचं. सुतार त्याला ‘काउंटर मारणं’ म्हणतात. त्या वाटीत डोकं बसलं की वरून काही लागत नाही. दाराच्या बिजागरीत मीच असतो. डोकं वर राहिलं असतं तर दार नीट मिटलंच नसतं. माणसानं डोकं वर काढलं तर त्याचं कौतुक होतं, मी काढलं तर गुन्हा.

सेलूच्या बाजारातून नत्थूजी सुतारांनी मला पुडीत बांधून आणलं. शेजारच्या छायाला पाट करून द्यायचा होता. सव्वीस वर्षांची ही पोर दोन वर्षांपूर्वी स्लॅबवरून पडली आणि तिची कमरेखालची जाणीव गेली. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत जायचं, तर तिची आई शोभाबाई तिला उचलायची. आता आईची कंबरच बोलू लागली होती. मध्ये गुळगुळीत पाट टाकला की छाया हातांच्या जोरावर आपली आपण सरकणार होती, हातानं चालणाऱ्या शिलाई मशीनपाशी बसणार होती.

पाट पातळ, त्याला खालून जोडायची आधाराची पट्टी जाड. म्हणून मला वरूनच जायचं होतं. नत्थूजींचा हात सराईत, पण खोड जुनी. स्क्रू अर्धाअधिक हातोडीनं ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे तेवढे पेचकसानं द्यायचे.

“काऊन ठोकून राह्यले, काका?” छायानं पलंगावरून विचारलं.

“अवं, ठोकलं का झटकन होते. चाळीस वर्सं झाले, कोणाचं दार पडलं नाई.”

दार पडलं नसेलही. पण ठोकल्यानं लाकडाचे धागे तुटतात आणि माझ्या आट्यांना पकड उरत नाही. काउंटरही मारला नव्हता, डोकं नुसतं ठोकून पाटाबरोबर केलं होतं. महिनाभर छाया रोज सरकली, हसली, ब्लाउज शिवले. आणि रोज मी केसभर वर येत राहिलो. मला कळत होतं. ओरडणार कसा?

एका सकाळी माझं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं वर होतं. छाया माझ्यावरून सरकली. तिला काहीच समजलं नाही. पाटावरचं रक्त शोभाबाईंना दिसलं, तेव्हा छाया खुर्चीत बसून दोरा ओवत होती.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जाणीव नसलेल्या अंगाची जखम चिघळली तर जिवावर बेतते. दीड महिना पालथं झोपायचं. मशीनवर चादर पडली. त्या दिवसांत मी भिंतीशी टेकवलेल्या पाटात होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

नत्थूजी आले ते दारातच थांबले. “पोरी, माह्यंच चुकलं. तुले नवा पाट करून देतो.”

छायानं उशीवरून मान वळवली. “नवा नको, काका. हाच नीट करा. माह्या अंगाले समजत नाई, म्हणून तुमच्या हाताले समजलं पाह्यजे.”

नत्थूजी पाटापाशी खाली बसले. त्यांनी मला उलटं फिरवून काढलं, जुनं भोक लाकडाची खुंटी बसवून बुजवलं. शेजारी नवं भोक पाडलं, काउंटर मारला, सहज फिरावं म्हणून माझ्या आट्यांना साबण चोळला आणि एक एक आटा पेचकसानं फिरवत मला आत नेलं. हातोडी पिशवीतच राहिली. शेवटी डोळे मिटून त्यांनी पाटावर तळवा फिरवला. एकदा नाही, चारदा.

जखम भरली. आता छाया रोज बसण्याआधी तसाच तळवा फिरवते, मगच सरकते. शोभाबाईंचे हात सवयीनं पुढे येतात आणि तसेच मागे जातात. मशीनची घरघर पुन्हा सुरू आहे.

कधी या घरी आलात, तर तुम्हीही पाटावरून हात फिरवा. मी हाताला लागलो नाही, तर निवांत चहा घ्या. लागलो, तर चहा राहू द्या. आधी नत्थूजींना बोलवा.